पंधराशे रुपयांवर पहिला हात कोणाचा?

१४ ऑगस्ट २०२४ पासून महाराष्ट्रातल्या लाखो बायकांच्या मोबाइलवर एक मेसेज यायला लागला. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे जुलै आणि ऑगस्टचे मिळून ३,००० रुपये खात्यात जमा झाले होते. १९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. सणाच्या तोंडावर, स्वतःच्या नावावर, कोणापुढे हात न पसरता आलेला हा पैसा. पण बऱ्याच जणींना पाठोपाठ दुसराही मेसेज आला. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून दंड, कर्जाचा हप्ता परत गेला म्हणून दंड, कार्डाचे वार्षिक पैसे. कोणाचे पाचशे गेले, कोणाचे हजार गेले. कोणाच्या नावावर कर्ज थकलेलं होतं, तिचे सगळेच अडकले.

तक्रारींचा भडिमार झाला तेव्हा महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की योजनेचे पैसे बँकांनी कापू नयेत, थकलेल्या कर्जात वळते करू नयेत. नेमक्या त्याच आठवड्यात केरळमध्येही हेच चाललं होतं. ३० जुलैला वायनाडमध्ये दरड कोसळून गावंच्या गावं गाडली गेली. वाचलेल्यांना सरकारने तातडीची मदत म्हणून १०,००० रुपये दिले आणि केरळ ग्रामीण बँकेने काहींच्या खात्यांतून कर्जाचे हप्ते कापून घेतले. लोक कल्पेट्ट्याच्या शाखेवर चालून गेले, मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी बँकेला खडसावलं, मग पैसे परत झाले.

दोन्हीकडे कोणा एका अधिकाऱ्याने मुद्दाम दुष्टपणा केला असं झालं नव्हतं. खात्यात पैसा आला की आधी बँकेचं जुनं येणं वळतं करायचं, हे संगणकाला शिकवून ठेवलेलं आहे. तो पैसा पगाराचा आहे, विकलेल्या भंगाराचा आहे, की सरकारने पोटासाठी दिलेला आहे, हा फरक त्याला कोणी शिकवलेला नाही. या लेखाचा विषय तो फरक आहे.

विरार पूर्वेचं गणित

चंदनसार हे विरार पूर्वेचं जुनं गाव. स्टेशनकडून अहमदाबाद महामार्गाकडे निघालं की वाटेत लागतं. आता गाव आणि शहर यांत सीमा उरलेली नाही. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि दरम्यान मुंबईतलं घर न परवडणारी माणसं लोकलच्या शेवटच्या टोकाला येऊन स्थिरावत गेली. गावठाणाभोवती चाळी उठल्या, चाळींच्या मागे इमारती उठल्या. घरातला पुरुष बोरिवली-अंधेरीला जातो. बायका वसई पूर्वेच्या गाळ्यांत पॅकिंगला जातात, विरार पश्चिमेच्या सोसायट्यांत धुणंभांडी-स्वयंपाक करतात, नाहीतर घरी बसून इमिटेशन दागिन्यांचं, क्लिपांचं काम डझनावर घेतात. पावसाळ्यात गाळा बंद पडतो, मे महिन्यात सोसायटीतली कुटुंबं गावाला जातात. मिळकत अशी वर-खाली होत राहते. भाडं, लाइटबिल आणि हप्ता मात्र दरमहा ठरल्या तारखेलाच लागतात.

अशा घरात लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये म्हणजे मुलांच्या क्लासची फी किंवा गॅसची टाकी आणि वरचा किराणा. ज्या बाईला नवरा नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, तिच्यासाठी १९८० पासूनची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. या दोन्हींचं अनुदान २०२३ साली वाढून १,५०० झालं. निराधार योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. हे सिद्ध करायला चंदनसारच्या बाईला रिक्षाने विरार स्टेशन, तिथून लोकलने वसई रोड आणि पुढे बसने वसई गावातलं तहसील कार्यालय गाठावं लागतं. एका फेरीत काम होत नाही आणि प्रत्येक फेरीला एक रोज बुडतो.

आता हे २१,००० समोर ठेवा आणि दुसरा आकडा पाहा. शहरी शाखेतल्या साध्या बचत खात्यात सरासरी १०,००० रुपये ठेवायला सांगणाऱ्या खासगी बँका आपल्याकडे बऱ्याच आहेत. सरकारच्या लेखी जी बाई निराधार आहे, तिने वर्षाच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा हिस्सा न वापरता खात्यात ठेवावा, नाहीतर दंड भरावा, अशी ही अट आहे.

एक पासबुक

चंदनसारच्या एका चाळीत एका ताईंनी पासबुक पुढे केलं. पूर्वी त्या वसई पूर्वेच्या एका गाळ्यात कामाला होत्या. ठेकेदाराने सगळ्यांची खाती एकदमच काढून दिली होती. काम सुटलं, पगार यायचा थांबला, कार्ड डब्यात पडलं. खातं तसंच राहिलं. दोन वर्षांनी लाडकी बहीण योजनेचा फॉर्म भरताना त्यांनी दुसऱ्याच बँकेचा नंबर दिला होता, पण पैसे या जुन्या खात्यात आले.

पासबुकावरच्या ओळी अशा. जमा ३,०००. त्याच दिवशी वजा ५९०, किमान शिल्लक नसल्याचा दंड. वजा २९५ आणि पुन्हा वजा २९५, मोबाइलच्या हप्त्याची वसुली दोनदा परत गेल्याबद्दल. वजा २३६, कार्डाचे वार्षिक. वजा १७ रुपये ७० पैसे, एसएमएसचे. शिल्लक १,५६६ रुपये ३० पैसे. एटीएममधून निघाले १,५००. "पैसे आल्याचा मेसेज आला आणि पाठोपाठ कटिंगचा," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, फ्रॉड झाला. कोणीतरी ओटीपी घेतला."

एकूण कापले गेले १,४३३ रुपये ७० पैसे. यातले २१८ रुपये ७० पैसे हा जीएसटी आहे, कारण बँकेच्या प्रत्येक शुल्कावर १८ टक्के कर लागतो. म्हणजे सरकारने एका खिशातून दिलं त्यातलं काही कराच्या रूपाने परत सरकारजमा झालं.

ताई बँकेत गेल्या. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवर बघून सांगितलं, "तुमचं खातं मायनसमध्ये होतं." त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. खातं मायनसमध्ये गेलं कसं, हे सांगायला त्याला वेळ नव्हता आणि विचारायचं कसं, हे ताईंना माहीत नव्हतं.

मायनस होतं कसं

पहिली गोष्ट आधारची. सरकारी लाभ थेट खात्यात येतो तो फॉर्मवर लिहिलेल्या खाते क्रमांकावर येतोच असं नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे एक नोंदवही असते. प्रत्येक आधार क्रमांकापुढे एकाच बँकेचं नाव, जिथे आधार शेवटचं जोडलं गेलं तिचं. लाभ त्या बँकेत जातो. गाळ्याच्या ठेकेदाराने खातं काढताना आधार जोडलं असेल आणि नंतरच्या बँकेने फक्त केवायसीसाठी झेरॉक्स घेतली असेल, तर पैसा जुन्याच खात्यात पडणार. आधार 'लिंक' असणं आणि लाभासाठी 'सीडिंग' झालेलं असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. हे काउंटरवर क्वचितच कोणी समजावून सांगतं.

दुसरी गोष्ट पगार खात्याची. पगार येतो तोवर त्या खात्याला किमान शिलकीची अट नसते. पगार थांबला की काही महिन्यांनी ते साधं बचत खातं होतं आणि अट लागू होते.

तिसरी गोष्ट दंडाची. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी काढलेलं आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेलं परिपत्रक यासंबंधात स्पष्ट आहे. शिल्लक कमी पडली तर ग्राहकाला आधी कळवायचं, ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा, जेवढी तूट तेवढ्या प्रमाणातच दंड घ्यायचा आणि केवळ या दंडापायी खातं शून्याखाली जाऊ द्यायचं नाही. मग पासबुकातला मायनस आला कुठून? व्यवहारात असं होतं: खात्यात कापायला काही नसेल तर दंड 'येणं' म्हणून बाजूला नोंदला जातो, किंवा तेवढ्या रकमेवर होल्ड लागतो. पासबुकात शिल्लक शून्यच दिसते. खातं शून्याखाली गेलं नाही, म्हणून नियमाचं अक्षर पाळलं गेलं. पुढे कधी पैसा आला की साठलेलं सगळं एकदम वसूल. कळवलेलं असतं ते जुन्या मोबाइल नंबरवर, जो केव्हाच बंद झालेला असतो.

चौथी आणि सगळ्यांत जड गोष्ट हप्त्याची. मोबाइल, फ्रीज, गटाचं कर्ज, कशासाठीही कर्ज घेतलं की बँकेला 'ठरल्या तारखेला एवढे पैसे परस्पर द्या' असा आदेश सही करून दिलेला असतो. याला नाच म्हणतात. त्या दिवशी खात्यात पैसे नसले की आदेश परत जातो आणि बँक दंड लावते. काही बँकांत तो २५० रुपये अधिक कर, काही ठिकाणी त्याहून जास्त. कर्ज देणारी कंपनी आपला दंड वेगळा लावते. एका चुकलेल्या हप्त्याला दोन्हीकडून मार बसतो. कंपनीने आदेश पुन्हा पाठवला आणि तोही परत गेला, तर बँकेचा दंड पुन्हा पडतो.

तारखांचा मेळ

योजनेचा हप्ता नेमका कधी येणार, याची तारीख ठरलेली नाही. कधी महिना उलटून येतो, कधी दोन महिन्यांचे एकत्र. कर्जाचा हप्ता मात्र पाच तारीख म्हणजे पाच तारीख. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत दंड जन्माला येतो. ताईंच्या बाबतीत पैसा नव्हता असं नाही. तो उशिरा आला एवढंच, आणि त्या उशिरात त्यांचा काहीच दोष नव्हता.

संकट आलं की हे आणखी बिकट होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणेशचतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, विरार पूर्वेच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. वाचलेल्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरात आसरा दिला गेला. अशा वेळी घराबरोबर पासबुक, आधार कार्ड, मोबाइल सगळं ढिगाऱ्यात जातं, कामावर जाणं थांबतं. बँकेला दिलेला परस्पर कपातीचा आदेश मात्र, कोणी मुद्दाम थांबवला नाही तर, ठरल्या तारखेला चालूच राहतो. वायनाडला तेच झालं होतं.

गटाचं कर्ज हा वेगळा विषय आहे, पण इथे एक सांगितलं पाहिजे. सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबावर सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही की दारात यायचं नाही. चाळीत संध्याकाळी सातला वसुलीचे 'सर' येऊन बसतात तेव्हा ते नियम मोडत असतात.

नियम आहेत, पण मागितल्याशिवाय मिळत नाहीत

या सगळ्यावर उपाय वीस वर्षांपासून अस्तित्वात आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'नो फ्रिल्स' खातं आणायला सांगितलं. १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकाने त्याचं मूलभूत बचत ठेव खातं झालं. लोक त्याला झिरो बॅलन्स म्हणतात. या खात्यात किमान शिलकीची अट नाही. पैसे भरायला मर्यादा नाही, महिन्यातून किमान चार वेळा फुकट काढता येतात, एटीएम कार्डाला वार्षिक शुल्क नाही. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेली जनधन खाती याच जातीची. कोणतीही व्यापारी बँक हे खातं नाकारू शकत नाही आणि ते फक्त गरिबांनाच मिळतं अशी अटही नाही. अट एकच, की त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

बंद पडलेल्या खात्यांबद्दलही नियम आहे. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही पैसे घेता येत नाहीत. जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने तर सांगितलं, की सरकारी योजनांच्या लाभासाठी काढलेली शून्य शिलकीची खाती दोन वर्षं व्यवहार नसला तरी निष्क्रिय ठरवायची नाहीत.

तरीही पैसे कापले जातात, आणि झिरो बॅलन्स खात्यांतूनही कापले गेले आहेत. पवईच्या आयआयटी मुंबईत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या आशिष दास यांनी हे आकड्यांनिशी दाखवून दिलं. देशातली सर्वांत मोठी बँक, स्टेट बँक, मूलभूत खात्यात महिन्यातले चार व्यवहार झाले की पाचव्यापासून प्रत्येक यूपीआय आणि रुपे व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेत होती. वीस रुपयांचं दूध फोनवरून घेतलं तरी १७.७० कापले. एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०१९ या काळात अशा किमान १४ कोटी व्यवहारांवर २५४ कोटींहून जास्त रुपये गोळा झाले. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना १ जानेवारी २०२० नंतर घेतलेलं हे शुल्क परत करायला सांगितलं आणि ते परत झालंही. पण दास यांच्या अहवालानुसार त्याआधीच्या २५४ कोटींपैकी ९० कोटीच खातेदारांना परत मिळाले, १६४ कोटी राहिले. एका प्राध्यापकाने चिकाटीने हिशेब मांडला म्हणून निदान एवढं तरी कळलं. ज्यांच्या खात्यातून हे सतरा-सतरा रुपये गेले त्यांतल्या बहुतेकांनी पासबुकात एन्ट्रीही मारून घेतली नसेल.

आठ हजार नऊशे कोटी

एकेका पासबुकातली ही कपात देशभर मिळून किती होते? ऑगस्ट २०२३ मध्ये अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँकांनी २०१८ पासून किमान शिलकीचा दंड, एटीएमचे जादा व्यवहार आणि एसएमएस या तीन बाबींवर मिळून ३५ हजार कोटींहून जास्त रुपये घेतले होते. त्यातले २१ हजार कोटी केवळ शिलकीच्या दंडाचे. जुलै २०२५ मध्ये संसदेत आलेल्या आकड्यानुसार एकट्या सरकारी बँकांनी २०२०-२१ पासूनच्या पाच वर्षांत या दंडापोटी सुमारे ८,९३२ कोटी घेतले.

ज्याच्या खात्यात लाखभर रुपये पडून आहेत तो हा दंड कधीच भरत नाही. पैसे नसलेल्या माणसाकडून, पैसे नाहीत या कारणासाठी घेतलेले हे पैसे आहेत. त्याला सेवेचा मोबदला म्हणणं मला पटत नाही.

बँकांची बाजूही मांडायला हवी. खातं सांभाळायला खर्च येतो: शाखा, माणसं, संगणक, रोकड. हे खरं आहे. पण स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सगळ्या बचत खात्यांवरचा किमान शिलकीचा दंड उठवला आणि बँक बुडाली नाही. २०२५ च्या जूनमध्ये कॅनरा बँकेने, जुलैमध्ये पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनी तेच केलं. दंडाशिवाय बँक चालते, हे त्यांनीच सिद्ध केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने नव्या शहरी खात्यांसाठी किमान शिल्लक ५०,००० केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच १५,००० वर आणली. म्हणजे लोक बोलले की आकडे बदलतात.

शिलकीचा दंड गेला तरी हप्ता परत गेल्याचा दंड आहेच. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने एप्रिल २०२० पासून, खात्यात पैसे नसताना उचल झाली तर दर दिवसाचा वा दर महिन्याचा ठोक दंड घेण्यावर बंदी आणली. बँकेने फक्त व्याज घ्यायचं, तेही एकाच सरळ वार्षिक दराने. दहा पौंड कमी पडलेल्याने शंभर पौंड कमी पडलेल्याइतकाच दंड भरू नये, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे मात्र ४० रुपये कमी पडल्याने हप्ता परत गेला तरी २९५ रुपये कापले जातात.

जनधनची उचल

गरिबाला खात्यातून जादा उचल मिळावी, ही सोय आपल्याकडे कागदावर आहे. जनधन खात्यावर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळू शकतो, त्यातले २,००० फारशी अट न लावता. खातं सहा महिने नीट चालवलेलं असावं, वय १८ ते ६५ असावं, घरातल्या एकालाच, शक्यतो बाईला. पाच तारखेच्या हप्त्याला चारशे रुपये कमी पडत असतील तर ही उचल कामाची आहे, कारण चारशेवरचं काही दिवसांचं व्याज २९५ च्या दंडापुढे किरकोळ असतं. पण ती आपोआप मिळत नाही. शाखेत अर्ज करावा लागतो आणि मंजूर करणं बँकेच्या हातात असतं. शिवाय ज्या खात्यात लाभ येतो त्याच खात्यावर उचल घेतली, तर पुढचे पंधराशे आधी ती भरून काढण्यात जाणार. म्हणून ही सोय एखाद्या अडल्या महिन्यापुरती. दर महिन्याला ती लागत असेल, तर कर्ज मिळकतीपेक्षा मोठं झालं आहे असं समजावं.

हातात असलेलं

चंदनसारच्या त्या ताईंनी पुढे काय केलं, ते उपयोगाचं म्हणून सांगतो. आधी त्यांनी मुलाकडून आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघून घेतलं. लाभ कोणत्या बँकेत जातो ते तिथे दिसतं. मग पोस्टात जाऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेत शून्य शिलकीचं खातं काढलं आणि त्याच फॉर्मवर 'लाभ या खात्यात यावा' या रकान्यात सही केली. जुनी नोंद बदलायला थोडे दिवस जातात. लाभ नव्या खात्यात आल्याची खात्री झाल्यावर त्यांनी जुनं खातं बंद करायचा अर्ज दिला. आता लाभाच्या खात्यावर कोणताही हप्ता लावायचा नाही, हे त्यांनी पक्कं केलं आहे. हप्त्याचं खातं वेगळं, लाभाचं वेगळं.

बँक बदलायची नसेल तर त्याच शाखेत लेखी अर्ज द्यावा. मजकूर एवढा पुरे: 'माझं बचत खातं मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून द्यावं. या खात्यात सरकारी योजनेचा लाभ जमा होतो.' दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी विनंतीची नोंद कुठेच राहत नाही.

हप्त्याची तारीख पुढे ढकलता येते का, हे कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी विचारावं. नाचचा आदेश रद्द करण्याचा अधिकार खातेदाराला आहे, पण रागाच्या भरात तसं करू नये. आदेश रद्द केला म्हणून कर्ज संपत नाही. आणि पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक आदेश परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. आधी दुसऱ्या मार्गाने हप्ता भरायची सोय, मग आदेश रद्द, हा क्रम पाळावा. हप्त्याशिवाय, मे महिन्याच्या अखेरीला खात्यातून ४३६ आणि २० रुपये जात असतील तर ते जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे आहेत. विमा हवा असेल तर तेवढे पैसे ठेवावेत, नको असेल तर बंद करायचा अर्ज द्यावा. पण आपण कशावर सही केली आहे, हे माहीत असावं.

पैसे चुकीचे कापले गेले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या बँकांसाठी एकच लोकपाल योजना आहे. तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते.

सरकारने करायचं ते

पण हा सगळा भार त्या बाईवर का? लाभाचा प्रत्येक रुपया आधारच्या वाटेने जातो, तेव्हा तो सरकारी लाभ आहे हे संगणकाला कळतं. त्या जमेवर खूण करून 'यातून जुना दंड वळता करायचा नाही' एवढी सूचना घालणं अवघड नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ ने बँकेला ग्राहकाच्या पैशावर धारणाधिकार दिला आहे. तो कायदा १८७२ चा आहे. थेट लाभ हस्तांतरण त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज राज्य आपल्या तिजोरीतून पोटासाठी जो पैसा पाठवतं तो या अधिकारातून वगळायला हवा, आणि मंत्र्यांच्या आवाहनाने हे भागत नाही. आवाहन सणापुरतं टिकतं. रिझर्व्ह बँकेचा बंधनकारक निर्देश हवा. राज्यानेही योजनेच्या अर्जावरच एक रकाना ठेवावा: माझं खातं मूलभूत खात्यात बदलावं. ती एक खूण लाखो बायकांची बँकेची फेरी वाचवेल. आणि लाभ जमा होण्याची तारीख ठरवून ती पाळावी. म्हणजे हप्त्याची तारीख तिच्यामागे लावता येईल.

हे होईल तेव्हा होईल. तोवर हा अंक हातात असलेल्या वाचकाला एक विनंती आहे. आपल्या घरी धुणंभांडी, स्वयंपाक करणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या वॉचमनकाकांना, इमारतीचा जिना झाडणाऱ्या मावशींना दिवाळीचा बोनस देतानाच त्यांचं पासबुक एकदा बघायला मागा. कोणत्या ओळीत काय कापलं ते वाचून सांगा, खातं बदलायचा तो दोन ओळींचा अर्ज लिहून द्या आणि शक्य असेल तर एकदा त्यांच्यासोबत बँकेत जा. काउंटरवर तुमच्याशी ज्या आवाजात बोललं जातं, त्याच आवाजात त्यांच्याशी बोललं जाणं हा त्यांचा हक्क आहे. सरकारने पोटासाठी दिलेला पैसा आधी पोटाला गेला पाहिजे. बँकेचं येणं असेल तर ते त्यानंतर.